खाजणातली शाळा

बांध फुटला की शेत गेले, असे आमच्या शिरोड्यात समजतात. खाडीकाठचे आमचे खाजण असेच गेले. खाजण म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली जमीन. पहिल्या पावसाने मातीतला खार धुऊन निघाला, की मोड आलेले बियाणे पेरायचे. बांधाला मात्र दरसाल चिखलाची डागडुजी हवी. माणसे मुंबईला गेली, डागडुजी राहिली आणि एका पावसाळ्यात खाडीने आपली जमीन परत घेतली.

त्या मुंबईला गेलेल्यांत मीही होतो. निवृत्त होऊन परतलो, तेव्हा शेताच्या जागी नुसती दलदल होती. भगदाडाच्या तोंडाशी गाळ साचलेला. भरतीचे पाणी आत येईना, आतले बाहेर जाईना. वर प्लॅस्टिक आणि फाटकी जाळी. कडेला तेवढी तिवराची काही झाडे. ती तोडून पुन्हा बांध घालावा, तर 2005 पासून उच्च न्यायालयाची कांदळवन तोडण्यास बंदी! "विकून मोकळा हो," असा सल्ला ज्याने त्याने दिला.

वाट सापडली ती वेंगुर्ल्याला. तिथल्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचतगटाच्या स्त्रिया 2017 पासून होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवू लागल्या. मनात आले, पाहुण्यांनी जे पाहायचे, ते आपल्या मुलांनी का पाहू नये? वि. स. खांडेकरांनी 1920 ते 1938 ज्या गावात मुलांना शिकवले, तिथे आणखी एक वर्ग उघडला तर बिघडले कुठे?

काकी मात्र रागावली. "तुज्या आज्यान हय भात पिकवल्यान, आनि तू पोरांका चिखल दाखवतलस?"

मला उत्तर सुचले नाही. तिच्या उभ्या आयुष्याचे घामाचे शेत होते ते.

तरी कामाला लागलो. कचरा उपसला, गाळ काढून चर मोकळा केला, तशी भरती-ओहोटी खेळू लागली. पावसाळ्यात शाळेतली मुले आली. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे लोंबते. तसले कोंब मुलांनी गोळा करून चिखलात रोवले. तिवराची मुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर का येतात, तर श्वास घ्यायला, हे त्यांनी गुडघाभर चिखलात उभे राहून ऐकले. पावसाळा सरल्यावर ती पुन्हा आली, तेव्हा एकाने तिवराचे पान चाटले आणि ओरडला, "खारट!" हे झाड नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. मग 1930 च्या मे महिन्यातला शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह मी सांगितला. मिठाच्या चवीवर इतिहासाचा धडा इतक्या लक्षपूर्वक ऐकलेला मी पाहिला नव्हता!

काकीचा राग मनाला लागला होताच. वरच्या अंगाला जुन्या बांधाचा एक तुकडा अजून शाबूत होता. त्याच्याआड चार वाफ्यांपुरती जागा तिच्यासाठी राखली. पुढच्या पावसाळ्यात तिने तिथे भात पेरले. मुले भोवती जमली. खार कसा धुवायचा, बांधाला माती कुठली घ्यायची, कुरल्यांनी पाडलेली भोके कशी बुजवायची, हे ती तासभर सांगत होती. माझ्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हते.

शेत गेले, हे खरेच आहे. ते मी मुलांपासून लपवत नाही. खाडी काय देते आणि बांध राखायला काय कष्ट पडतात, हे दोन्ही त्यांना कळायला हवे.

संध्याकाळी मुले गेली. पाय धुता धुता काकीने विचारले, "पोरां परत कधी येतली?"