बंदराचा धूर आणि आपला मुलूख

आदिलाबादपासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो मैल दूर आहे. पैनगंगेकाठचा हा काळ्या मातीचा प्रदेश. येथील मराठी कुटुंबांना पाऊसपाणी, कापसाचा भाव आणि नांदेड-यवतमाळकडची सोयरीक हे विषय जवळचे. सागरी बंदरांतून निघणारा कर्बवायू कमी कसा करावा, या जगभर चाललेल्या चर्चेशी आपला काय संबंध, असे कोणी विचारले तर त्यात नवल नाही. तथापि संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. आपल्या शेतांत पिकणारा कापूस बंदराच्या वाटेला लागतो, आणि आपण राहतो त्या कोळशाच्या पट्ट्यातील वीज किनाऱ्याकडे जाते. म्हणूनच बंदराच्या धुराचा हिशेब फाटकाच्या आतच मांडला तर तो अपुरा राहतो, ही गोष्ट किनाऱ्यावरील लोकांपेक्षा आपल्याला लवकर उमजावी.

प्रथम हा धूर येतो कोठून ते पाहू. धक्क्याला लागलेल्या जहाजाचे मुख्य यंत्र थांबते. परंतु दिवे, पंप आणि शीतपेट्या चालू ठेवण्यासाठी त्याची जनित्रे रात्रंदिवस तेल जाळीत असतात. धक्क्यावरील याऱ्या आणि पेट्या वाहणाऱ्या मालमोटारी यांना डिझेल लागते. फाटकाबाहेर गाड्यांच्या रांगा तिष्ठत असतात. शिवाय बंदराच्या आश्रयाने वाढलेले तेलशुद्धीकरणाचे, खतांचे, पोलादाचे आणि विजेचे कारखाने आपापली भर घालतात. मुंबईच्या बंदराशेजारी माहुल-ट्रॉम्बे परिसरात असा उद्योगसमूह पूर्वीपासून उभा आहे.

जगातील एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ३ टक्के वायू जहाजवाहतुकीतून निघतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये आपले धोरण सुधारून, २०५० च्या सुमारास जहाजांचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरविले. बंदरांपुरता सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे धक्क्यावरील जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणे आणि त्याची जनित्रे बंद करणे. स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदराने २००० साली, तर अमेरिकेतील लॉस एंजेलिस बंदराने कंटेनर जहाजांसाठी २००४ साली ही सोय सुरू केली.

आपल्याकडे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २०२४-२५ या वर्षात तेथून वीस-फुटी मापाच्या ७० लाखांहून अधिक पेट्यांची वाहतूक झाली. पेट्या उचलणारी विजेवरील यंत्रे तेथे आली आहेत, आणि २०२५ मध्ये विद्युत घटमालेवर चालणाऱ्या जड मालमोटारींचा पहिला ताफाही दाखल झाला. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मालाच्या दर टनामागे निघणारा कर्बवायू २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी आणि २०४७ पर्यंत ७० टक्क्यांनी घटवावा, असे त्यांचे लक्ष्य आहे.

या प्रयत्नांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ‘दर टनामागे’ हे शब्द नीट वाचावयास हवेत. टनामागे धूर ३० टक्क्यांनी घटला आणि माल दुप्पट झाला, तर एकूण धूर पूर्वीच्या १०० वरून १४० वर जातो. आणि माल वाढणार हे तर ठरलेलेच आहे. डहाणू तालुक्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांचे नवे बंदर उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. हाच तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित आहे, आणि तेथील मच्छीमारांनी या बंदराला दीर्घकाळ विरोध केला आहे. बंदर कितीही ‘हरित’ असले तरी त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

आता आपल्या कापसाकडे वळू. रुईची गाठ १७० किलोंची असते. समजा, १०० गाठी भरून एक मालमोटार आदिलाबादहून न्हावा-शेव्याला निघाली. अंतर सातशे किलोमीटरांहून अधिक. एका लिटरमध्ये साडेतीन किलोमीटर धरले, तरी निदान २०० लिटर डिझेल लागणार. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कर्बवायू हवेत जातो. म्हणजे एका खेपेला ५४० किलो, गाठीमागे जवळजवळ साडेपाच किलो. गाडी रिकामी परतली तर तिचा धूर निराळाच. बंदराच्या आवारात हीच गाठ फार तर काही किलोमीटर फिरते. तेथील गाडी विजेवर चालली म्हणून आनंद मानावा; परंतु खरा धूर निघाला तो आपल्या दारापासून बंदराच्या दारापर्यंत, आणि त्याची नोंद बंदराच्या वहीत सहसा होत नाही.

हाच माल रेल्वेने गेला तर टनामागे इंधन पुष्कळच कमी लागते. मुदखेड-आदिलाबाद हा एकेकाळचा मीटरगेज मार्ग आता ब्रॉडगेज आहे. नंदीग्राम एक्सप्रेस याच मार्गाने मुंबईला जाते. प्रवाशांची सोय झाली, तशी गाठींची व्हावयास हवी. जालना येथे आणि वर्धा जिल्ह्यातील सिंदी येथे कोरडे बंदर उभारण्याचे काम न्हावा-शेवा बंदरानेच हाती घेतले. पेटी तेथे भरून मोहरबंद करावी आणि आगगाडीने थेट धक्क्यावर न्यावी, ही त्यामागील कल्पना. जिनिंगच्या आवारापासून अशा ठिकाणापर्यंत माल सोयीने व परवडणाऱ्या दराने पोहोचला, तरच व्यापारी मालमोटारीचा मार्ग सोडील.

दुसरा धागा विजेचा. जहाजाची जनित्रे बंद करून त्याला किनाऱ्यावरची वीज दिली, की बंदरावरील आकाश स्वच्छ होते. पण ती वीज आली कोठून? चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तेथून कल्याणजवळील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची उच्चदाब वाहिनी १९९९ पासून मुंबईच्या बाजूला वीज नेते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, हे जुन्या मंडळींना स्मरत असेल. इकडे बेल्लमपल्ली-मंचिर्यालच्या सिंगरेणी खाणी, आणि जयपूर येथील १,२०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, तेव्हापासून सारा देश एकाच जाळ्यात आहे. या जाळ्यातील बहुतांश वीज अजूनही कोळशाचीच. तेव्हा धक्क्यावरचा धूर नाहीसा होतो असे म्हणण्याऐवजी, त्याचा मोठा भाग खाणीच्या गावी राहावयास येतो असे म्हणणे अधिक खरे ठरेल. राख, धूळ आणि उन्हाळ्यातील असह्य उष्मा यांत राहणाऱ्या लोकांना हा बदल कोणी विचारून केलेला नसतो.

यावरून विजेचा मार्ग चुकीचा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. वीज सूर्याची वा वाऱ्याची असेल तर तोच मार्ग उत्तम होय. सिंगरेणी कंपनीनेही खाणींच्या परिसरात आणि जयपूरच्या जलाशयावर सौर प्रकल्प उभारले आहेत. मात्र कोळसा हळूहळू मागे पडेल तेव्हा खाणीवर ज्यांची चूल पेटते, त्या हजारो कुटुंबांना दुसरे काम मिळाले पाहिजे. किनाऱ्याची हवा शुद्ध करण्याचा खर्च त्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

तेव्हा बंदरांकडून आपली अपेक्षा स्पष्ट असावी. त्यांनी टनामागच्या आकड्याबरोबर एकूण उत्सर्जनाचा आकडाही प्रसिद्ध करावा. बंदरात येणारा माल कोठून व कशाने आला याची नोंद ठेवावी. आणि जहाजांना द्यावयाची वीज कोणत्या इंधनाची आहे ते सांगावे. आपल्या बाजूने जिनिंगचे मालक, अडते आणि शेतकरी संघ यांनी गाठींसाठी रेल्वेच्या सोयीची एकमुखाने मागणी करावी. एका व्यापाऱ्याच्या पत्राने मालगाडी सुरू होत नाही. पण साऱ्या बाजारपेठेने हंगामापूर्वी आपल्या मालाचा अंदाज एकत्र मांडला, तर रेल्वेलाही त्याचा विचार करावा लागेल.