चौकटीत घडलेली काडतुसं

शस्त्रपरवान्याच्या कागदांत आणि पोलिसांच्या पंचनाम्यांत ‘३१५ बोअर’ हे शब्द आपल्याकडे नेहमी वाचायला मिळतात. पिकाची राखण करण्यासाठी परवाना घेतलेल्या घरांत या मापाची भारतीय आयुध निर्माणीची रायफल असते. तिचं काडतूस मात्र मूळचं ऑस्ट्रियाचं आहे. सम्राट फ्रान्झ जोसेफच्या सैन्यासाठी १८९०च्या सुमारास तयार झालेलं ते आठ मिलिमीटरचं मानलिखर. ‘थ्री-नॉट-थ्री’ हे आपलं लष्करी काडतूस हिंदुस्थानातल्या नागरिकांच्या हाती पडू नये अशी तजवीज इंग्रजांनी करून ठेवली होती. मग इंग्रज कारखानदारांनी आपल्याच रायफलीला परक्या सैन्याचं काडतूस जोडलं आणि ती इथे विकली. ज्याच्यासाठी ते काडतूस बनलं ते साम्राज्य १९१८ साली संपलं. काडतूस अजून इथे तयार होतं.

युरोपच्या शिकारी काडतुसांचा मागोवा घेताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. ती कुणा एकाच्या हौसेतून जन्मलेली नाहीत. लष्कराची गरज, सरकारची बंदी आणि सामान्य माणसाची ऐपत यांच्या चौकटीत ती घडली. माझ्या मते त्यांचं आयुष्य इतकं लांबलं तेही या चौकटीमुळेच.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. पॉल व्हिएय या रसायनतज्ज्ञाने १८८४ साली बिनधुराची दारू तयार केली आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती लेबेल रायफल आली. काळ्या दारूच्या काळात ताकद वाढवायची तर गोळी जाड करावी लागे. आता बारीक गोळी पूर्वीपेक्षा किती तरी वेगाने फेकता येऊ लागली. जर्मनीने घाईघाईने १८८८ साली स्वतःचं आठ मिलिमीटरचं काडतूस काढलं, तेच ८×५७. यातला पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा पितळी पुंगळीच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. पुढच्या सहा-सात वर्षांत पॉल मॉझरचं ७×५७ आणि स्वीडन-नॉर्वेचं संयुक्त ६.५×५५ आलं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ६.५ मिलिमीटरची मानलिखर-शोनाउअर रायफल लोकांनी पाहिली आणि १९०३ साली ती ग्रीक सैन्याने स्वीकारली.

या सगळ्या काडतुसांत एक गोष्ट सारखी होती. गोळी बारीक, लांब, गोल तोंडाची आणि आपल्या जाडीच्या मानाने फार जड. ७×५७ची गोळी ११.२ ग्रॅमची, ६.५च्या मानलिखरची १०.३ ग्रॅमची. वेग आजच्या हिशेबाने बेताचा, सेकंदाला सुमारे सातशे मीटर. पण अशी गोळी दाभणासारखी आत शिरते. तिचं सगळं वजन लहानशा तोंडामागे एकवटलेलं असल्याने हाडाला लागूनही ती वाट सोडत नाही. शिवाय खांद्याला बसणारा धक्का सौम्य असतो. चाप ओढताना धक्क्याच्या भीतीने डोळे मिटणारा माणूस जनावराला जखमी करून सोडतो, आणि जखमी जनावर झाडीत निघून जाणं यापेक्षा शिकाऱ्याला लाज आणणारी दुसरी गोष्ट नाही. ज्या रायफलीची भीती वाटत नाही तिने नेम नीट धरला जातो. या काडतुसांची थोरवी मला तरी सर्वांत जास्त इथेच दिसते.

७×५७ने आपलं नाव युद्धात कमावलं. १८९८ साली क्यूबात स्पॅनिश सैनिकांनी त्याने अमेरिकनांची फार हानी केली, आणि लगेच पुढच्या वर्षी सुरू झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात शेतकरी नेमबाजांनी इंग्रजांची. हरणाऱ्या बाजूच्या हातातलं हे काडतूस जिंकणाऱ्यांच्या मनात भरलं. लंडनच्या रिग्बी या बंदूककारांनी त्याला .२७५ असं इंग्रजी माप देऊन शिकारी रायफली बनवल्या. त्यातली एक १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी भेट दिली. ४३६ माणसांचे बळी त्या वाघिणीच्या नावावर होते. चांदीची पट्टी बसवलेली ती रायफल २०१५ साली रिग्बीने परत मिळवली.

याच काडतुसाने वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले. आज ते वाचवत नाही. हस्तिदंताच्या त्या हव्यासाचं समर्थन मी करणार नाही. पण बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहून ठेवलं होतं, आणि गोळीच्या आकारापेक्षा ती कुठे लागते हे महत्त्वाचं असतं, हे त्याचं म्हणणं पुढच्या पिढ्यांनी मान्य केलं.

१९०७ सालीच इंग्रजांनी .४५० मापाच्या गोळ्या हिंदुस्थानात आणि सुदानात आणायला बंदी केली. बंडखोरांकडे जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका होत्या, त्यांना त्या गोळ्या उपयोगी पडतील ही भीती. वाघ-हत्तींच्या शिकारीसाठी इथे येणाऱ्या साहेबांच्या दुनळ्या नेमक्या याच मापाच्या असत. लंडनच्या बंदूककारांनी थोड्या वेगळ्या मापांची काडतुसं पुढे केली. हॉलंड अँड हॉलंडचं .४६५ त्यातलंच, आणि .४७० तर आजही जाड दुनळ्यांचं नेहमीचं माप आहे. हिंदुस्थानातल्या एका हुकुमाने लंडनचा धंदा असा फिरवला.

जर्मनीची कहाणी अधिक हृद्य आहे. बर्लिनचा बंदूककार ओटो बॉक याने १९०५ साली ९.३×६२ काढलं ते वसाहतींत जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी. त्यांना लंडनची दुनळी परवडणारी नव्हती. साध्या मॉझर रायफलीच्या मापात बसेल अशी पुंगळी आणि तीत साडेअठरा ग्रॅमची गोळी, एवढाच त्याचा विचार. रानम्हशीपासून हरणापर्यंत सगळ्याला एकच रायफल पुरली. वसाहती गेल्या, आणि ते काडतूस जर्मनीतल्या रानडुकरांच्या हाक्यात आणि स्वीडनमधल्या मूसच्या शिकारीत रमलं.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांना त्यांचं लष्करी ८×५७ वापरणं अवघड करून ठेवलं. बंदूककारांनी नळीतलं काडतुसाचं घर तीन मिलिमीटरने खोल केलं, आणि ८×६० तयार झालं. रायफल तीच, गोळी तीच, कायद्याच्या लेखी मात्र काडतूस वेगळं. फ्रान्समध्येही लष्करी मापांवर नागरिकांना अनेक दशकं निर्बंध होते. त्याचा फायदा जर्मन बंदूककार विल्हेल्म ब्रेनेकेच्या ७×६४ला झाला. १९१७ साली, ऐन युद्धात काढलेलं हे काडतूस कोणत्याच सैन्याचं नव्हतं, म्हणून फ्रेंच शिकाऱ्यांना ते उघडपणे वापरता आलं आणि त्यांनी ते आपलंसं केलं.

मानलिखर-शोनाउअरबद्दल मात्र हळहळ वाटते. नळीच्या टोकापर्यंत जाणारा लाकडी दस्ता, पाच काडतुसं गोल फिरवत पुढे आणणारी कोठी, लोण्यासारखा सरकणारा खटका. आल्प्सच्या कड्यांवर शॅमॉय या पहाडी जनावराच्या मागे चढणाऱ्यांची ती लाडकी होती, आणि हेमिंग्वेने फ्रान्सिस मॅकोंबरच्या कथेत बायकोच्या हाती तीच दिली. पण तिची कोठी त्या लांब, गोल तोंडाच्या गोळीच्या मापाने इतकी नेमकी घडवलेली की आखूड, टोकदार गोळ्या तीत नीट चालत नाहीत. गोळ्यांची फॅशन बदलली आणि ही रायफल मागे पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी .३०-०६ आणि .३०८ सगळीकडे पसरली. तरीही उत्तरेत ६.५×५५ हललं नाही. नॉर्वेमध्ये मोठी शिकार करायची तर दर वर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. मूससाठी नऊ ते दहा ग्रॅमच्या गोळीत शंभर मीटरवर २७०० जूल ऊर्जा हवी, पण गोळी दहा ग्रॅम किंवा जास्त असेल तर २२०० जूल पुरतात. जड गोळीला दिलेली ही सवलत या जुन्या काडतुसाच्या पथ्यावर पडते. २००७ साली अमेरिकेत निघालेल्या ६.५ क्रीडमूरचा गाजावाजा फार झाला. बारीक माप, लांब गोळी, सौम्य धक्का ही त्याची तत्त्वं स्वीडिश आजोबांना १८९४पासून ठाऊक होती.

आता नवी चौकट आली आहे. शिकारीच्या टाकून दिलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन गरुड मरतात, हे जर्मनीत स्पष्ट झालं आहे. डेन्मार्कने एप्रिल २०२४पासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या. ही बंदी मला मनापासून योग्य वाटते. शिशाऐवजी तांबं आलं, पण तांबं हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायची तर नळीत घट्ट पीळ लागतो. नंतरच्या काळात बनलेल्या काही संथ पिळाच्या नळ्यांना त्या गोळ्या झेपत नाहीत. जुन्या स्वीडिश मॉझरच्या नळीत दर २०० मिलिमीटरला एक फेरी आहे, ७×५७च्या नळीत २२० मिलिमीटरला. तो पीळ १०.१ आणि ११.२ ग्रॅमच्या लांब शिशाच्या गोळ्यांसाठी दिलेला होता, आणि आज तांब्यालाही तो पुरतो.