पावसची मुलं जर्मनीत: राजधानीबाहेर भाड्याचं घर, गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसमध्ये भाड्याची खोली तोंडी ठरते. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिराजवळ काही महिने राहायला आलेले भक्त असोत, बदली होऊन आलेले शिक्षक असोत की बँकेतला नवा कर्मचारी, बाजारात दोन दुकानांत चौकशी केली की कुणाच्या तरी मागच्या दोन खोल्या रिकाम्या असल्याचं कळतं. मालक विचारतो, कुठले, कोणाच्या ओळखीने आलात, माणसं किती. भाडं, डिपॉझिट, पाणी, लाइटबिल हे सगळं ओटीवर बसून ठरतं आणि दुसऱ्या दिवशी सामान येतं.

हीच सवय मनात धरून आपली मुलं आता परदेशी निघाली आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीचं उद्दिष्ट १०,००० जणांचं होतं. तेव्हापासून नर्सिंग, वायरिंग, हॉटेलकाम शिकलेल्या मुलांच्या घरी जर्मनीचं बोलणं जास्तच ऐकू येतं. शिकायला जाणारी मुलं तर त्याआधीपासून जात आहेत. भाषेची परीक्षा, व्हिसा, तिकीट यांची तयारी महिनोन्‌महिने चालते. घराचं मात्र "तिकडे गेल्यावर बघू" यावरच राहतं. आणि तिकडे गेल्यावर घरावाचूनच बाकीची सगळी कामं अडतात. पालकांशी बोलताना जे समज पुन्हा पुन्हा ऐकू येतात, ते एकेक करून तपासायला हवेत.

"बर्लिन महाग, लहान गावात घर स्वस्त आणि लगेच मिळतं"

अर्धं खरं आहे. बर्लिनपासून दूर गेलं की स्वस्ताई येतेच असं नाही. बाडेन-वुर्टेमबर्गची राजधानी श्टुटगार्ट ही जर्मनीतल्या महागड्या भाड्याच्या शहरांपैकी एक आहे, आणि तिच्या दक्षिणेला असलेलं ट्युबिंगन हे विद्यापीठाचं छोटं गावही भाड्याच्या बाबतीत मोठ्या शहरांच्या पंक्तीला बसतं. भाडं खरोखर उतरतं ते रेल्वेच्या मुख्य मार्गापासून लांब असलेल्या गावांत.

पण तिथे अडचण वेगळी असते. जर्मनीत निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याच्या घरात राहतात, हे खरं. ती प्रामुख्याने शहरांत. खेड्यात लोक स्वतःच्या घरात राहतात, त्यामुळे भाड्याची घरं मुळातच थोडी असतात. जी असतात त्यांतली बरीच म्हणजे मालकाच्याच घरातला स्वतंत्र दाराचा, दोन खोल्यांचा भाग. मुलं मोठी होऊन गेलेली, घरात आजी-आजोबा दोघेच, आणि खालचा मजला रिकामा. अशी घरं मोठ्या वेबसाइटवर दिसतातच असं नाही. त्या राज्यातल्या बहुतेक गावांत नगरपालिकेचं साप्ताहिक पत्रक निघतं. त्यात सभेच्या सूचना, कचरा उचलण्याचे वार, चर्चच्या वेळा आणि शेवटच्या पानांवर छोट्या जाहिराती असतात. "नवी परिचारिका, अमुक रुग्णालयात रुजू, एक-दोन खोल्यांचं घर हवं" अशी चार ओळींची जर्मन जाहिरात आपणही देऊ शकतो. असा मालक अर्जासोबत आलेलं साधं, स्वच्छ पत्र वाचतो. कोण आहात, कुठे काम करता, किती जण राहणार, हे त्याला आधी कळायला हवं असतं. म्हणजे पावसच्या ओटीवरचे प्रश्न तिथेही आहेतच, फक्त उत्तरं कागदावर द्यायची असतात.

घर पाहण्याआधी कामाचं वेळापत्रक पाहा. नर्सची ड्युटी सकाळी सहाला सुरू होत असेल आणि गावातून रविवारी पहिली बस नऊला असेल, तर ते घर कितीही स्वस्त असो, घेऊ नये. १ मे २०२३ पासून सुरू झालेलं डॉइचलांड-तिकीट देशभरातल्या लोकल गाड्या, बस आणि ट्राममध्ये महिनाभर चालतं; सुरुवातीला ते ४९ युरोंना होतं, २०२५ मध्ये ५८ युरोंना होतं. पण जी बस धावतच नाही तिच्यात कुठलंच तिकीट चालत नाही. नोकरी देणाऱ्या रुग्णालयाची स्वतःची वसतिगृहाची खोली असेल तर पहिल्या वर्षासाठी तीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात ती खोली नोकरीला जोडलेली असते. नोकरी सुटली की खोली सोडण्याची नोटीसही लवकर येऊ शकते.

"जाहिरातीतला आकडा म्हणजे भाडं, आणि दोन खोल्या म्हणजे टू बीएचके"

दोन्ही चूक. जाहिरातीत ठळक छापलेलं भाडं बहुधा 'काल्टमीटे' असतं, म्हणजे निव्वळ जागेचं. त्यावर पाणी, कचरा, जिन्याची सफाई, इमारतीचा विमा आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग यांचा दरमहा आगाऊ हप्ता येतो. तो धरून होते ती 'वार्ममीटे'. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं. शिवाय प्रत्येक घरामागे रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. वर्षाच्या शेवटी हिशेब होतो. हीटिंगच्या खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरावर आकारायचा असा नियम आहे, त्यामुळे हिवाळ्यात हीटर पूर्ण सोडून खिडकी किलकिली ठेवणाऱ्याला पुढच्या वर्षी मोठी रक्कम भरावी लागते.

खोल्या मोजताना तिथे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर धरत नाहीत, हॉल मात्र धरतात. म्हणून 'दोन खोल्यांचं घर' म्हणजे आपलं वन बीएचके. ४५ चौरस मीटर म्हणजे साधारण ४८४ चौरस फूट.

आणि स्वयंपाकघर. आपल्याकडे घर भाड्याने देताना ओटा आणि सिंक असतंच. नसेल अशी कल्पनाही कुणी करत नाही. जर्मनीत कित्येक घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती, भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे दोन नळजोड आणि शेगडीच्या विजेची जोडणी. ओटा, सिंक, कपाटं, शेगडी आधीचा भाडेकरू घेऊन गेलेला असतो. छताला दिव्याच्या जागी नुसती वायर लोंबत असते. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' हा शब्द असेल तर स्वयंपाकघर बसवलेलं आहे. तो नसेल तर खर्चाचा अंदाज वाढवून धरा, किंवा जाणाऱ्या भाडेकरूकडून त्याचंच स्वयंपाकघर विकत घेता येतं का ते विचारा. तशी पद्धत तिथे सर्रास आहे.

"डिपॉझिट मालक म्हणेल तेवढं, आणि एकरकमी"

जर्मन नागरी कायद्याचं कलम ५५१ इथे भाडेकरूच्या बाजूने आहे. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेहून जास्त घेता येत नाही. ते तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो. मालकाला ही रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते आणि तिच्यावरचं व्याज भाडेकरूचं असतं. ५०० युरो काल्टमीटे असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त १,५००, आणि सुरुवातीला हातात हवेत ५००.

विद्यार्थ्यांच्या पालकांनी सुरुवातीला हातात लागणाऱ्या पैशांचा हा भाग नीट समजून घ्यावा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरले म्हणजे मुलाच्या हाती तेवढे पैसे आहेत असं नाही. त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात. पहिल्या महिन्यात भाडं, डिपॉझिटचा हप्ता, भांडीकुंडी आणि थंडीचे कपडे एवढ्यात बसत नाहीत. खात्याबाहेरची वेगळी रक्कम सोबत द्यायलाच हवी.

दलालाच्या बाबतीतही कायदा स्वच्छ आहे. १ जून २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याची फी द्यायची. मालकाने नेमलेला दलाल तुमच्याकडे फी मागत असेल तर ती देऊ नका.

"निघण्याआधी इथूनच घर पक्कं करून टाकावं"

या एका समजापायी सर्वांत जास्त पैसे बुडतात. आमच्या शेजारच्या मुलीने एक जाहिरात मला पाठवली होती. श्टुटगार्टजवळचं गाव, ६० चौरस मीटर, लाकडी जमीन, उजेडाचं स्वयंपाकघर, सगळं सामान आणि भाडं सगळ्या खर्चासह ३५० युरो. घर पाहता येईल का, असं तिने विचारलं. लगेच गोड उत्तर आलं: मी सध्या कामानिमित्त लंडनला आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो, तुम्ही डिपॉझिट आणि पहिलं भाडं भरा, घर आवडलं नाही तर पैसे परत. सोबत पासपोर्टची प्रत, "माझ्यावर विश्वास बसावा म्हणून". तो पासपोर्ट आधी फसलेल्या कुणाचा तरी असू शकतो.

फसवणुकीचा हा साचा जर्मनीत वर्षानुवर्षं चालत आला आहे. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: आसपासच्या भावापेक्षा खूप कमी भाडं, मालक परदेशात, घर दाखवण्याऐवजी किल्ली पाठवण्याची भाषा, घाई. खरा मालक घर दाखवल्याशिवाय पैसे मागत नाही. म्हणून इथून निघताना पहिल्या काही आठवड्यांची सोय करावी: वसतिगृह, नोकरीच्या ठिकाणची खोली, किंवा नीट करार करून काही महिन्यांसाठी मिळणारी सुसज्ज खोली. कायमचं घर तिथे पोचल्यावर, डोळ्यांनी पाहून. विद्यार्थ्यांनी प्रवेशाचं पत्र हाती येताच 'श्टुडिरेंडनवेर्क' या विद्यार्थ्यांसाठीच्या संस्थेच्या वसतिगृहात अर्ज टाकावा. तिथे रांग मोठी असते आणि उशिरा आलेला मागे राहतो.

"नातेवाइकाचा पत्ता दिला की काम भागतं"

भागत नाही. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला दाखला लागतो. या नोंदीनंतरच करक्रमांक टपालाने येतो, पगारातला कर नीट कापला जातो, आणि व्हिसाचं परमिट करून घेताना परदेशी नागरिक कार्यालयही हीच नोंद पाहतं. प्रत्यक्षात न राहणाऱ्याला पत्ता वापरू देणं हा कायद्याचा भंग आहे आणि त्यासाठी ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. काकांवर किंवा मित्रावर ही वेळ आणू नका. पर्यटकांच्या खोलीवर बऱ्याचदा नोंद करू देत नाहीत, म्हणून "इथे नोंद करता येईल ना?" हा प्रश्न पैसे भरण्याआधी लेखी विचारावा.

"नवख्याला, त्यातही परदेशी माणसाला, घर देतच नाहीत"

पतनोंद ठेवणाऱ्या 'शूफा'चा दाखला मालक मागतात आणि नवख्याकडे तिथली कसलीच नोंद नसते. म्हणून घर नाकारलं जातंच असं नाही. नोकरीचा करार, मिळाल्या तेवढ्या पगारपावत्या, नोकरी देणाऱ्याचं पत्र आणि जमल्यास जामीनदार, एवढं एका फाइलमध्ये नीट लावून नेलं तर बराच फरक पडतो. २००६ च्या समान वागणूक कायद्याने वंशावरून घर नाकारायला मनाई आहे. तरीही आडनाव वाचून उत्तर न देणारे मालक भेटतात. ते दुखतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आपल्या आंब्याच्या बागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांना गावात खोली देताना आपण किती खळखळ करतो, याचाही पालकांनी या निमित्ताने विचार करावा.

"मालक वाटेल तेव्हा बाहेर काढेल, आपणही वाटेल तेव्हा निघू"

अकरा महिन्यांच्या कराराची सवय असलेल्या आपल्याला हे नवं आहे: जर्मनीत भाडेकरार साधारणपणे बिनमुदतीचा असतो. भाडेकरूची कसूर नसेल तर मालकाला घर परत घ्यायला कायद्याने मान्य केलेलं कारण लागतं, जसं की स्वतःला किंवा जवळच्या कुटुंबीयाला राहायला घर हवं असणं. भाडेकरू पाच वर्षं राहिला असेल तर मालकाला सहा महिन्यांची, आठ वर्षांनंतर नऊ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. लहान गावासाठी एक अपवाद फार महत्त्वाचा. मालक स्वतः राहतो त्या इमारतीत दोनच घरं असतील, तर त्याला कारण न देताही करार संपवता येतो, फक्त मुदत तीन महिन्यांनी वाढते. वर सांगितलेली आजी-आजोबांच्या घरातली खालची जागा याच प्रकारात येते.

भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची. मार्चच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचलेली नोटीस मे अखेरीला लागू होते. ती कागदावर, सही करून द्यावी लागते. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. परतीचं तिकीट काढून मग नोटीस देणाऱ्याला रिकाम्या घराचं भाडं भरावं लागतं.

घर ताब्यात घेताना आणि सोडताना दोघांच्या सहीचा पंचनामा होतो. भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या त्यात लिहून घ्या, फोटो काढा. डिपॉझिटचे बरेचसे तंटे या कागदावरच मिटतात. घरात रोजचं राहणंही करारात आलेलं असू शकतं: बाडेन-वुर्टेमबर्गच्या श्वाबेन भागात जिना आणि दारापुढची जागा पाळीपाळीने झाडण्याची 'केअरवोखे' ही जुनी प्रथा आहे आणि ती करारात लिहिली असेल तर पाळावीच लागते. रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज नको. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, नाहीतर आपल्या फोडण्यांच्या वाफेने भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो. काही अडलं तर जवळपासच्या शहरातल्या भाडेकरू संघाचं सभासद व्हावं. थोड्याशा वार्षिक वर्गणीत तिथे वकिलाचा सल्ला मिळतो.

पावस, गोळप, गणेशगुळे, पूर्णगड या पट्ट्यातून जे आधीच तिकडे स्थिरावले आहेत, त्यांना एक विनंती. गावातला पुढचा मुलगा किंवा मुलगी निघायच्या आधी एखादा शनिवार काढा, त्यांनी निवडलेलं घर स्वतः जाऊन पाहा, मालकाशी समोरासमोर बोला आणि करार वाचून दाखवा. आणि इथल्या आईवडिलांनी, तिथल्या कुणी घर पाहिल्याचं सांगेपर्यंत, एक युरोही पाठवू नये.