अरब बायकांना हक्क दिले कोणी?

अरब जगातल्या स्त्री-चळवळीचा विषय निघाला की श्रेय हमखास दुसऱ्याच कोणाच्या तरी पदरात पडतं. कधी ते कासिम अमीन यांना मिळतं, कधी इंग्रजांना, कधी नासरना. अलीकडे सौदीच्या युवराजांनाही. बायका या कथेत असतात, पण घेणाऱ्यांच्या रांगेत.

कासिम अमीन हे कैरोतले न्यायाधीश. स्त्रीमुक्तीवरचं त्यांचं पुस्तक १८९९ चं. त्याने खळबळ माजवली हे खरं, पण ‘सुरुवात तिथून झाली’ हे चुकीचं. हिंद नौफल हिने १८९२ मध्येच अलेक्झांड्रियातून ‘अल-फतात’ हे स्त्रियांचं मासिक सुरू केलं होतं. पाठोपाठ मूळच्या लेबनॉनच्या झैनब फव्वाझ यांनी चारशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांचा चरित्रकोश छापला. अमीन यांच्या आधीच वाद पेटलेला होता. त्यांनी त्यात तेल ओतलं.

इंग्रजांनी पौर्वात्य बाईला जागं केलं, हा समज जास्त चिवट आहे. लॉर्ड क्रोमर १८८३ ते १९०७ इजिप्तचे सर्वेसर्वा होते. इस्लाम बायकांना कसं दडपतो यावर त्यांनी पुस्तकात भरपूर लिहिलं. त्यांच्याच कारभारात सरकारी शाळांच्या फीचा भार वाढला आणि मुलींच्या शिक्षणावर खर्च करताना हात आखडता राहिला. हेच गृहस्थ मायदेशी परतल्यावर ब्रिटिश स्त्रियांना मताधिकार मिळू नये म्हणून काढलेल्या संघटनेचे अध्यक्ष झाले. असा कैवारी असल्यावर वैऱ्याची गरज काय?

तिसरा समज बुरख्याचा. हुदा शारावी यांनी १९२३ मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय मताधिकार परिषदेहून परतताना कैरोच्या स्टेशनवर बुरखा फेकला, हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात असतं. त्यांनी आणि सैझा नबरावी यांनी काढला तो चेहऱ्यावरचा पडदा. डोकं झाकलेलंच होतं. आणि तो चळवळीचा मुख्य मुद्दाही नव्हता. हुदाबाई लहानपणी कुराण मुखोद्गत करून बसल्या होत्या. अरबी व्याकरण शिकायचं म्हटल्यावर जनानखान्याच्या रखवालदाराने, ही काही न्यायाधीश होणार नाही, असं सांगून शिक्षकाला पुस्तकासकट परत पाठवलं. तेराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं ते वयाने बऱ्याच मोठ्या आतेभावाशी. त्यामुळे त्यांच्या संघटनेने १९२३ मध्ये पहिला जोर लावला तो मुलींच्या शाळा आणि लग्नाचं वय यांवर, आणि त्याच वर्षी कायद्याने मुलीचं लग्नाचं वय किमान सोळा झालं. पडद्यापेक्षा हा विजय कितीतरी मोठा, पण त्याचा फोटो निघत नाही.

मलक हिफनी नासिफ तर त्याही पुढे गेल्या होत्या. ‘बाहिसत अल-बादिया’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या या शिक्षिकेचं म्हणणं असं, की पडदा घ्या आणि पडदा काढा, दोन्ही हुकूम पुरुषच सोडणार, मग आम्ही कुठे? लग्न होऊन फायूमला गेल्यावर त्यांना कळलं की नवऱ्याला आधीची बायको आहे. बहुपत्नीत्वावर लिहिताना त्यांना कोणाची उदाहरणं शोधावी लागली नाहीत. १९११ च्या इजिप्शियन काँग्रेसपुढे त्यांच्या मागण्या मांडल्या गेल्या: मुलींना सगळ्या शाखांचं शिक्षण, मशिदीत बायकांना जागा. त्या एका पुरुषाने वाचून दाखवल्या, कारण सभेत बायकांना प्रवेश नव्हता. मशिदीत जागा मागणारी ही चळवळ धर्माविरुद्ध होती, असं म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

‘हा सगळा श्रीमंत घरच्या बायकांचा उद्योग’ या आक्षेपात मात्र तथ्य आहे. हुदाबाईंच्या संघटनेचं १९२५ चं मासिक फ्रेंचमध्ये निघायचं. अरबी मासिकाला १९३७ उजाडलं.

आता इजिप्तचे सत्ताधीश नासर. १९५६ च्या राज्यघटनेने इजिप्शियन स्त्रियांना मत मिळालं, म्हणून ‘नासरनी दिलं’ असं सरसकट छापलं जातं. त्याआधीचा हिशेब पाहा. फेब्रुवारी १९५१ मध्ये सोरबॉनमधून डॉक्टरेट केलेल्या दुरिया शफिक सुमारे दीड हजार बायकांना घेऊन थेट संसदेत घुसल्या. मार्च १९५४ मध्ये नवी घटना लिहिणाऱ्या समितीत एकही बाई नाही म्हणून कैरोत पत्रकार संघाच्या इमारतीत त्या उपोषणाला बसल्या, आणि राष्ट्राध्यक्ष नगीब यांचं आश्वासन मिळाल्यावरच उठल्या. मत मिळालं तेही अर्धवट: पुरुषांना मतदान सक्तीचं, बायकांनी मात्र स्वतः अर्ज करून नाव नोंदवायचं. १९५७ च्या निवडणुकीत राविया अतिया निवडून आल्या, अरब जगातल्या पहिल्या महिला खासदारांपैकी एक. त्याच वर्षी फेब्रुवारीत दुरियाबाई पुन्हा उपोषणाला बसल्या, या वेळी कैरोतल्या भारतीय वकिलातीत. एक मागणी होती इस्रायली सैन्याने इजिप्तच्या भूमीवरून हटावं ही, आणि दुसरी नासरनी हुकूमशाही सोडावी ही. दुसरी महागात पडली. त्यांना घरात नजरकैद झाली, त्यांचं मासिक बंद पडलं आणि वर्तमानपत्रांत त्यांचं नाव छापायलाही मनाई झाली. मत देणाराच मत मागणारीचं नाव पुसतो, तेव्हा श्रेय कोणाला मिळणार हे उघड आहे.

ट्युनिशियात पंतप्रधान बुर्गिबांनी १९५६ मध्ये बहुपत्नीत्वावर बंदी घातली, त्यामागेही ताहर हद्दाद यांचं स्त्रियांच्या हक्कांवरचं १९३० चं पुस्तक होतं. झैतुना मशिदीच्या विद्यापीठात शिकलेल्या या माणसाला ते लिहिल्याबद्दल वाळीत टाकलं गेलं होतं.

सौदी अरेबियाचं ताजं उदाहरण घ्या. ६ नोव्हेंबर १९९० रोजी सत्तेचाळीस बायका रियाधच्या रस्त्यांवर गाड्या घेऊन निघाल्या. त्यांचे पासपोर्ट जप्त झाले, अनेकींच्या नोकऱ्या थांबवल्या गेल्या. बायकांच्या गाडी चालवण्यावरची बंदी उठली २४ जून २०१८ ला, आणि जगभर युवराजांच्या सुधारणांचं कौतुक झालं. त्याच्या महिनाभर आधी, मे मध्ये, गाडी चालवण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या अझीझा अल-युसूफ आणि लुजैन अल-हथलूल यांना अटक झाली होती. लुजैन फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटल्या, तेव्हाही त्यांच्यावर परदेशप्रवासाची बंदी होतीच.