गोमांसोत्पादनातील संप्रेरक-रोपणाच्या पद्धती
अमेरिकेत फीडलॉटमध्ये, म्हणजे मांसासाठी गुरे बंदिस्त ठेवून धान्यावर पोसण्याच्या जागी, त्यांच्या कानाच्या मागील बाजूस कातडीखाली संप्रेरकांच्या बारीक गोळ्या रोवतात. त्यांतील एस्ट्राडायॉल व ट्रेनबोलोन ॲसिटेट हळूहळू रक्तात मिसळून स्नायूंची वाढ साधतात. रोपणाच्या प्रमुख पद्धती दोन होत. पहिलीत आरंभी सौम्य व पुढे तीव्र मात्रा देतात. दुसरीत सुमारे २०० दिवस पुरणारे एकच रोपण करतात. एकाच पोषणावस्थेतील पुनर्रोपण, औषधाच्या लेबलावर तशी अनुज्ञा असल्याखेरीज, २०२३ च्या मध्यापासून तेथे निषिद्ध आहे. मात्रा तीव्र असता वजन अधिक वाढते. तथापि मांसातील चरबीचे जाळे विरळ होऊन त्याची प्रतवारी घसरू शकते. यास्तव गुरे वजनावर विकावयाची की प्रतीवर, हे आधी ठरवूनच पद्धती निवडणे श्रेयस्कर होय.