निरीक्षक, कारखानदार आणि जिनातला कामगार

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला राजमार्ग बुटीबोरी मागे टाकून समुद्रपूर तालुक्यात आला, की जाम या गावापाशी त्याला मोठा फाटा फुटतो. सरळ जाणारा रस्ता हिंगणघाटच्या कापसाच्या पेठेकडे जातो आणि डावीकडे वळणारा वरोऱ्यावरून चंद्रपूरच्या कोळसाखाणींच्या मुलखात उतरतो. मालमोटारींच्या दृष्टीने हा एक चौरस्ता आहे; परंतु श्रमिकांच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्याला येथे तीन निरनिराळ्या सरकारी अंमलांच्या हद्दी एकमेकींना भिडलेल्या दिसतात. हिंगणघाटच्या बाजूचे जिन, प्रेस आणि सूतगिरण्या राज्य शासनाच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या देखरेखीखाली येतात. चंद्रपूरकडच्या खाणींवर धनबाद येथे मुख्य कचेरी असलेल्या खाण सुरक्षा महानिदेशालयाची नजर असते. आणि पेट्रोलियम व स्फोटके यांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय तर नागपुरातच आहे. इतकी दप्तरे इतक्या जवळ असूनही, शासन आणि कारखानदार यांनी मिळून सुरक्षितता वाढवावी म्हणजे नेमके काय करावे, याविषयी या टापूत जे गैरसमज रूढ आहेत ते थोडेथोडके नाहीत, आणि त्यांची किंमत पुष्कळदा बोटे, हात आणि फुप्फुसे गमावून चुकवावी लागत असल्याने त्यांचे निराकरण करणे अगत्याचे वाटते.

कारखानदारवर्गात सर्वांत खोल रुजलेली समजूत अशी, की निरीक्षक हा खटले भरण्याकरिता नेमलेला अंमलदार असून त्याचा सल्ला विचारणे म्हणजे आपल्या दोषांची कबुली स्वहस्ते लिहून देणे होय. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९४७ साली संमत केलेला आणि भारताने १९४९ साली मान्य केलेला श्रमनिरीक्षणविषयक ८१ क्रमांकाचा करार निरीक्षकाची कर्तव्ये सांगताना कायद्याच्या अंमलबजावणीला लागूनच मालक व कामगार या दोघांना तांत्रिक माहिती व सल्ला देण्याचे कर्तव्य सांगतो, आणि दोष आढळल्यावर फिर्याद करावी की ताकीद देऊन सुधारणेस अवसर द्यावा हे ठरविण्याचा विवेकही त्याच्यावर सोपवितो. आपल्याकडे ही परंपरा त्याहूनही आधीची आहे. १९४५ साली केंद्र सरकारने कारखान्यांसाठी मुख्य सल्लागाराची जी कचेरी उघडली तिचे कामच मार्गदर्शनाचे होते, आणि मुंबईतील शीव येथील केंद्रीय श्रमसंस्था त्याच कामाचा विस्तार होय. पुढे ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत शासन, मालक आणि कामगार संघटना यांना एकत्र बसविण्यात आले, आणि त्या तारखेला आजही सुरक्षा दिन पाळला जातो. एवंच, सल्लामसलत ही काही उदार अधिकाऱ्याने केलेली मेहेरबानी नव्हे. ती त्याच्या हुद्द्याचा मूळपासूनचा भाग आहे.

याच्या अगदी उलट समजूत कामगारांत आणि काही अंशी वृत्तपत्रांतही आढळते, ती अशी की निरीक्षक आणि मालक एका मेजाशी बसले की कायद्याचा सौदा झालाच. या शंकेला अनुभवाचा आधार मुळीच नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण देखरेख सैल पडल्याची उदाहरणे आपल्या राज्यात घडलेली आहेत. तथापि सहकार्याच्या योजना जेथे नीट रचल्या गेल्या तेथे त्यांचा पाया कायद्याच्या सक्तीवरच रचला गेला, हेही तितकेच खरे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९७९ साली एका मोठ्या बांधकामावर मालक व कामगार यांच्या संयुक्त समितीकडे दैनंदिन तपासणी सोपविण्याचा प्रयोग झाला, आणि त्यातून १९८२ साली तेथील संघराज्याची स्वेच्छा-संरक्षण योजना निघाली. तीत दाखल झालेल्या कारखान्यांना नेमाच्या तपासणीतून सूट मिळते. परंतु कामगाराची तक्रार आली, कोणी दगावला किंवा मोठा अपघात झाला, तर निरीक्षक त्या दारात इतर कोणत्याही दाराइतक्याच अधिकाराने उभा राहतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली स्वयंप्रमाणनाची आणि एकत्रित वार्षिक विवरणपत्राची योजना आणली, तेव्हा ती म्हणजे तपासणीतून कायमची मुक्तता असा अर्थ काहींनी काढला. तो चुकीचा आहे, आणि कामगाराच्या दृष्टीने धोक्याचाही आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने निरीक्षकाच्या पदनामाला सुविधाकर्त्याची जोड दिल्यामुळे हा गैरसमज अधिकच बळावण्याचा संभव आहे. म्हणून त्याच संहितेत काय लिहिले आहे ते पाहावे: मालकाने आपले कर्तव्य न केल्यामुळे कोणाचा मृत्यू ओढवला तर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि त्या दंडाची निदान अर्धी रक्कम मृताच्या वारसांना देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. सल्ला देणारा हात आणि शिक्षेपर्यंत नेणारा हात एकाच अंमलदाराचे आहेत. त्यांतील दुसरा दुबळा झाला की पहिल्याचे कोणी ऐकत नाही.

आता आपल्या परिसराच्या खास विषयाकडे, म्हणजे जिनाकडे वळतो. दिवाळीच्या सुमारास कापूस येऊ लागतो, आवारात गंज्या उभ्या राहतात, चार-सहा महिने रात्रंदिवस यंत्रे चालतात आणि मग शुकशुकाट होतो. यावरून पुष्कळांची अशी धारणा झालेली आहे की हंगामी धंद्याला कारखान्याचा कायदा लागू होत नाही. या धारणेला ऐतिहासिक मूळ आहे. हिंदुस्थानातील १८८१ चा पहिला कारखाने कायदा शंभरांहून कमी कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणाऱ्या जागांना लागूच नव्हता, त्यामुळे कित्येक जिन आपोआप त्याच्या कक्षेबाहेर राहिले. १९३४ च्या कायद्यानेही हंगामी कारखान्यांचा निराळा वर्ग करून तेथे कामाचे तास अधिक ठेवले. १९४८ च्या कायद्याने हा भेद पुसून टाकला. मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी कामगारांची विहित संख्या भरली असेल तर ती जागा कारखाना ठरते, ही व्याख्या तेव्हापासून आहे आणि नव्या संहितेतही टिकून आहे. विजेवर चालणाऱ्या जागेसाठी ही संख्या आता वीस आहे. मजूर मुकादमाने आणलेले आहेत, आमच्या हजेरीपटावर नाहीत, हे म्हणणेही टिकत नाही, कारण १९७६ च्या दुरुस्तीने कंत्राटदारामार्फत, मालकाला माहीत असो वा नसो, कामावर आलेल्या माणसालाही कामगार मानले.

जिनाच्या धोक्यांची जाण कायदा करणाऱ्यांना नव्हती असेही नाही. १९४८ च्या कायद्याचे सत्ताविसावे कलम केवळ कापसाच्या कारखान्यांसाठी होते: जेथे कापूस मोकळा करणारे यंत्र चालू आहे त्या भागात स्त्रिया व मुले यांना कामावर ठेवू नये, आणि यंत्राचे भरण्याचे तोंड छपरापर्यंत किंवा निरीक्षक लेखी ठरवून देईल त्या उंचीपर्यंतच्या भिंतीने वेगळे केलेले असेल तरच त्या तोंडाच्या बाजूला त्यांना काम करू द्यावे. भिंतीची उंची जागा पाहून निरीक्षकाने ठरवावी, असे तो कायदा म्हणत होता, याचाच अर्थ मालक व निरीक्षक यांनी एकत्र उभे राहून ती जागा न्याहाळावी हे त्यात गृहीत होते. कारखाने नियमांतही जिनिंगसाठी खास तरतूद आहे: यंत्रांच्या रांगेखालून जाणारा मुख्य शाफ्ट सलग भिंतीने किंवा चढून न जाता येणाऱ्या कुंपणाने बंदिस्त असावा, सरकी काढणे, सफाई व तेलपाणी यांपुरतीच दारे ठेवावीत आणि ती कुलूपबंद असावीत. एवढ्या बारकाईने लिहिलेल्या नियमामागे किती तेलवाल्यांचे धोतर, किती बायांचे पदर त्या फिरत्या शाफ्टात अडकले असतील याची कल्पना वाचकाने करावी.

यावरून ‘अपघात होतो तो कामगाराच्या निष्काळजीपणाने’ या सर्वांत निर्दय गैरसमजाकडे येतो. दुहेरी रुळाच्या जिनात कातडी आवरणाचे दोन रूळ उलटसुलट फिरतात, त्यांना चिकटलेले तंतू स्थिर सुरीमागे ओढले जातात आणि मधला हलता दांडा सरकी झोडपून खाली पाडतो. कापूस ओला असेल, त्यात काड्या, सुतळ्या, दगड असतील तर यंत्र तुंबते. यंत्र थांबवून ते मोकळे करावे तर वेळ जातो, आणि मजुरी व मुकादमाची नजर दोन्ही कामाच्या वजनावर बसलेली असतात. अशा स्थितीत पहाटे तीनच्या पाळीत ज्याचा हात चालत्या रुळाकडे जातो त्याच्या बेसावधपणाची चौकशी करण्यापूर्वी, यंत्राला जाळी का नव्हती, ते थांबविण्याची कळ हाताशी का नव्हती आणि ते थांबविण्याची मुभा त्याला होती काय, हे तीन प्रश्न विचारणे न्यायाचे आहे. कायदाही याच क्रमाने विचार करतो. आधी यंत्र कुंपणबंद करणे हे मालकाचे कर्तव्य, मग दिलेली साधने वापरणे हे कामगाराचे.

येथेच शासन आणि धंदा यांच्या सहकार्याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण येते, जरी ते सुरक्षिततेच्या नावाने केले गेले नव्हते. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केले आणि त्याच्या चौथ्या शाखेतून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान दिले. हेतू रुई निर्मळ व्हावी हा होता; परंतु कापूस वाहून नेणाऱ्या यांत्रिक वाहिन्या, आपोआप भरणारी तोंडे, फरसबंद आवारे आणि आगीचे बंब ही साधने आली तेथे डोक्यावर टोपली घेऊन चालत्या यंत्राच्या तोंडाशी जाण्याचा बायांचा प्रसंग कमी झाला. मुंबईत १९२४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. तेथे जिनाचे फिटर शिकून तयार होतात. याच संस्थेने रुळांवरील क्रोमयुक्त चामड्याला पर्याय म्हणून रबर आणि सुती कापड यांचे आवरण विकसित केले, कारण ते चामडे सुरीशी घासून त्याची भुकटी रुईत आणि कामगाराच्या श्वासात जात होती. खटल्याने मालकाला दंड झाला असता; नवा रूळ त्याच्या हाती पडला तो प्रयोगशाळेमुळे. आणि प्रयोगशाळेतला रूळ प्रत्येक जिनात बसवून घ्यायचा तर पुन्हा निरीक्षकाचीच गरज लागते.

धुळीविषयी थोडे स्वतंत्र बोलले पाहिजे, कारण ‘रुईच्या धुळीने खोकला येतो, तो सवयीने जातो’ असे जिनात सर्रास म्हटले जाते. वर्षानुवर्षे ही धूळ छातीत गेल्याने बिसिनोसिस नावाचा विकार जडतो. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे हे त्याचे ओळखीचे लक्षण, आणि दुर्लक्ष केल्यास श्वासाची हानी कायमची होते. १९४८ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याची गणना होती, म्हणजे असा रोगी आढळल्यास शासनाला कळविणे डॉक्टरवर बंधनकारक होते. हिंगणघाट वा समुद्रपूरच्या दवाखान्यात आलेल्या बाईला ‘काम कोणते करता?’ असे विचारले गेले नाही, तर हा विकार दम्याच्या नावाखाली नाहीसा होतो.

सहकार्य हे मालक व शासन या दोघांतच होते, हा शेवटचा आणि माझ्या मते मूळ गैरसमज होय. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या संहारानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात जे नवे प्रकरण घातले गेले, त्यातील ‘४१ ग’ या कलमाने धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत मालक व कामगार यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आवश्यक केली. त्याच दुरुस्तीने निरीक्षकाला अशीही आज्ञा केली की तक्रार गुप्त ठेवावी आणि आपण तक्रारीवरून आलो आहोत हे मालकाला कळू देऊ नये. चंद्रपूरच्या वाटेवरील खाणी या बाबतीत पुढे गेल्या आहेत: तेथे कामगारांनी सुचविलेला कामगार-निरीक्षक खाण पाहून आपले शेरे नोंदवहीत लिहितो, आणि खाण सुरक्षा सप्ताहात एका खाणीचे लोक दुसऱ्या खाणीची तपासणी करतात. जिनांत असे काही का नसावे, याचे समाधानकारक कारण मला सापडलेले नाही. हंगामी मजूर दरसाल बदलतात हे खरे, पण मुकादम, फिटर आणि कित्येक बाया त्याच त्या जिनात वर्षानुवर्षे येतात.

नव्या संहितेत सुरक्षा समिती शासनाच्या आदेशाने नेमता येते आणि तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींहून कमी असता कामा नयेत. महाराष्ट्र शासनाने हा अधिकार कापूसपट्ट्यातील जिनांसाठी वापरावा, आणि समितीतील एक जागा कंत्राटी स्त्री-मजुरांसाठी राखून ठेवावी. तिची पहिली बैठक गंज्या उभ्या राहण्यापूर्वी, सप्टेंबर महिन्यात, निरीक्षक हजर असताना आणि यंत्रे थंड असताना, थेट शाफ्टच्या गाळ्यात भरवावी, म्हणजे कुठल्या दाराला कुलूप नाही हे कागदावर येण्याआधीच तिघांच्याही नजरेला पडेल.