खोक्यात काय दडलंय?

गेल्या शुक्रवारी ऑफिसात माझं पार्सल आलं. आत कंडोमची पाकिटं! घरी आलेलं प्रत्येक पार्सल आई फोडते, म्हणून पत्ता ऑफिसचा दिला होता. रिसेप्शनवरच्या मॅडमनी हसत विचारलं, "काय मागवलंस रे?" "चार्जर," मी म्हटलं. घाम फुटला होता. खोका मात्र शहाणा. तपकिरी, टेपने बंद, वर माझा पत्ता आणि पाठवणाऱ्याचं एक अगदी अळणी नाव.

हा अळणीपणा मुद्दाम आणलेला असतो, बॉस! अमेरिकेत टपालाने अ‍ॅडल्ट व्हिडिओ विकणाऱ्यांचा तो पहिला नियम. खोक्यावर ना चित्र, ना दुकानाचं खरं नाव. कार्डाच्या बिलावरसुद्धा असंच काहीतरी निरुपद्रवी नाव. आता व्हिडिओ मोबाइलवर आले, पण खोक्याची रीत टिकली.

गंमत पुढेच आहे. या धंद्यातली बडी कंपनी 'अ‍ॅडम अँड ईव्ह'. फिल हार्वे आणि डॉ. टिम ब्लॅक यांनी १९७० मध्ये नॉर्थ कॅरोलिनात ती सुरू केली, ती टपालाने कंडोम विकण्यासाठी! तेव्हा १८७३ च्या कायद्याने गर्भनिरोधकं टपालाने पाठवायला बंदी होती. ती उठली १९७१ मध्ये. व्हिडिओ नंतर आले. हार्वे त्याआधी 'केअर' संस्थेसाठी भारतात काम करून गेले होते. १९८९ मध्ये त्यांनी कुटुंबनियोजनासाठी 'डीकेटी इंटरनॅशनल' ही संस्था काढली आणि धंद्यातला नफा तिकडे वळवला. डीकेटी म्हणजे डी. के. त्यागी, आपल्या 'लाल त्रिकोणा'मागचे गृहस्थ!

आपल्याकडे तसले व्हिडिओ विकणं गुन्हाच आहे. कंडोम मात्र राजरोस मिळतात. तरी केमिस्ट ते कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देतो. ती पिशवी हातात दिसली की अख्ख्या गल्लीला कळतं! चारचौघांसारखा दिसणारा तपकिरी खोका बरा.

संध्याकाळी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "चार्जर कशाला? 'पर्सनल आहे' म्हणायचं, संपलं. आपण काय चोरी करतोय?"

पटलं. खोका खोटं बोललाच नव्हता, नुसता गप्प बसला होता. थाप मीच मारली. पुढचं पार्सल मंगळवारी येतंय. मॅडम विचारणारच. या वेळी उत्तर पाठ करून ठेवलंय.